अंबूअक्कांची उघडी गाडी

गाडीचा एखादा भाग सोडवायचा झाला की अंबूअक्का आधी त्याचं चित्र काढत. साधी दाराची बिजागरी असली तरी. स्टुलावर बसायचं, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचा, मांडीवर पाट, पाटावर कागद, आणि हातात ब्लेडने टोक काढलेली पेन्सिल. समोरून एक, बाजूने एक, वरून एक अशी तीन चित्रं. मग कुठला स्क्रू कुठून निघणार त्याचे आकडे. एवढं झालं की मगच पान्याला हात लावायचा. मी वरच्या मजल्याच्या गॅलरीतून हे बघत उभा असायचो आणि मला चीड यायची. पाच मिनिटांत निघणाऱ्या बिजागरीसाठी ही बाई पाऊण तास घालवते! कधी न राहवून मी वरून ओरडायचो, "अक्का, अहो काढा ना पटकन!" त्या मान वर न करता म्हणायच्या, "आधीं डोळे, मग हात. बेगी कशास, तंबी? चाळीस वर्षें ती इथून हालली नाहीं. आज पळून जाणार काय?"

बेगी म्हणजे लवकर, आणि तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्यांच्या बोलण्यात असे जुने मराठी आणि तमिळ शब्द हातात हात घालून चालत. मला येणाऱ्या चिडीचं खरं नाव हेवा. पण ते नाव घ्यायला मला बरेच महिने लागले, आणि तेवढ्या वेळात माझ्या हातून जे व्हायचं ते होऊन गेलं.

मी मूळचा साताऱ्याचा. श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटार कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईत आलो, आणि माझ्या बायकोचं, मानसीचं, ऑफिस जवळ पडतं म्हणून आम्ही मैलापुरात, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत भाड्याने घर घेतलं. तीन मजली जुनी इमारत. मधल्या मजल्यावर घरमालक डॉक्टर, निवृत्त, एकटे. सगळ्यात वर आम्ही. खाली अंबूअक्का. राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी जिन्यात उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो, तर खालच्या खिडकीतून आवाज आला, "तुम्ही मराठी बोलतां?"

मी आनंदाने म्हणालो, "अहो, तुम्ही पण मराठी? इथे कधी आलात?"

"आम्ही तीनशें वर्षें झालीं, येऊन," त्या म्हणाल्या. "तुम्ही?"

तंजावरच्या मराठी घराण्यातल्या त्या. त्यांचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी बखर वाचतंय आणि मध्येच तमिळमध्ये भाजीवाल्याशी भांडतंय. आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात तीस वर्षं त्या ड्रॉइंग ऑफिसात होत्या. यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचं काम. लग्न केलं नाही. आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या. सुती साडी, पायात रबरी चपला, गुडघे दुखरे. आयुष्यात एक नटसुद्धा आवळलेला नाही, असं त्याच सांगायच्या. "नकाशे उदंड काढले. त्यांचें लोखंड कसें होतें तें मात्र पाहूं दिलें नाहीं. बायकांनीं वर्कशॉपमध्यें जाऊं नये म्हणत."

गाडी होती इमारतीच्या मागच्या शेडमध्ये. डॉक्टरांच्या थोरल्या भावाची. सत्तर वर्षांपूर्वीची विलायती गाडी, दोन दारं, दोन जागा, आणि वरचा कापडी टप मागे दुमडून उघडी करता येणारी. जिने ती बनवली ती कंपनीसुद्धा आता उरली नाही. ताडपत्रीखाली चाळीस वर्षं पडून होती. सीटमध्ये उंदरांनी घरं केली होती, टपाच्या चिंध्या झाल्या होत्या, समोरचा एक दिवा फुटला होता.

ती पहिल्यांदा मी पाहिली. हे मला अजून सांगावंसं वाटतं, यावरून काय ते ओळखा. कॉलेजच्या वसतिगृहात माझ्या पलंगाजवळच्या भिंतीवर अशाच एका उघड्या गाडीचं चित्र चार वर्षं चिकटवलेलं होतं. ताडपत्री उचलली आणि मी धावत डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मला तिचं काही नको. जो तिला पुन्हा रस्त्यावर आणेल, त्याची. तुम्ही करता?"

मी म्हणालो, विचार करून दिवाळीनंतर सांगतो. मग मी विचार केला. संगणकावर तक्ता केला. कुठले भाग मिळतील, कुठले मिळणार नाहीत, कशाला किती महिने, काय काय बिघडू शकतं. दिवाळी गेली. मी म्हणालो, पोंगलनंतर सांगतो. पान्यांची एक पेटीही आणून ठेवली. ती आमच्या पलंगाखाली होती, प्लास्टिकच्या वेष्टनासकट.

पोंगलच्या आदल्या दिवशी अंबूअक्का डॉक्टरांना गोड भात द्यायला गेल्या. शेडमधल्या गाडीचं काय, एवढं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, वरचे इंजिनियर कधीपासून विचारच करतायत. "मग मी करतें," अक्का म्हणाल्या. आणि भाताचं भांडं घेऊन खाली आल्या.

मला हे मानसीने सांगितलं. मी हसलो. म्हणालो, "त्यांना स्टेपनी म्हणजे काय हे तरी माहीत आहे का?" मानसी म्हणाली, "त्यांना माहीत नाही. पण त्यांनी हो म्हटलं."

दुसऱ्या दिवसापासून शेडचं दार उघडं दिसू लागलं. बिस्किटांचे, पावडरीचे, तुपाचे रिकामे डबे जमले. प्रत्येक डब्यावर मराठीत चिठ्ठी: 'डावें दार, वरली बिजागरी, चार स्क्रू.' मी विचारलं, तमिळमध्ये का लिहीत नाही? म्हणाल्या, "तमिळांत लिहिलें तर असकी वाचतील. वाचलें कीं हात लावतील." असकी म्हणजे सगळे. त्या गल्लीत मराठी वाचणारे आम्ही तिघंच. म्हणजे त्या चिठ्ठ्या माझ्यासाठी आणि मानसीसाठी उघड्याच होत्या. मानसीने हे लगेच ओळखलं. ती रविवारी खाली जाऊ लागली. ज्या बाईने घरात कधी बल्ब बदलला नव्हता ती दुपारी वर यायची तेव्हा तिच्या नाकावर गंज असायचा आणि डोळ्यांत काहीतरी चमकत असायचं. "आज आम्ही रेडिएटर काढला," ती सांगायची. आम्ही! "तू का येत नाहीस रे? तुझंच तर काम आहे हे."

हेच तर दुखणं होतं. माझं काम. चौदा वर्षं मी गाड्यांच्या सांगाड्यांवर काम करत होतो. सांगाड्याला कुठे किती ताण येतो, कुठे तो वाकेल, कुठे मोडेल, हे संगणकाच्या पडद्यावर लाल-पिवळ्या रंगांत पाहायचं. या चौदा वर्षांत एका गाडीचं दार मी स्वतःच्या हाताने बसवलेलं नव्हतं. आणि खाली एक गुडघेदुखीची बाई काळ्याकुट्ट हातांनी कॉफीचा पेला धरून गंजलेल्या कार्ब्युरेटरशी बोलत बसली होती.

इंजिन जाम होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी सिलिंडरांत रॉकेल आणि तेल ओतून ठेवलं. रोज सकाळी दारात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढून झाला की पुढे हँडल लावून एकदा जोर करायचा. हललं नाही तर "सरी, उद्यां" म्हणून घरात जायचं; सरी म्हणजे ठीक. मी मनात म्हणायचो, हलणार नाही. रोज कंपनीच्या बसला निघताना त्यांना हँडलशी वाकलेलं पाहायचो आणि ते न हलल्याचं मला बरं वाटायचं. दीड महिन्याने एका रविवारी सकाळी मी दाढी करत असताना खालून आरडाओरडा झाला. हँडल फिरलं होतं. डॉक्टर जिन्यावरून टाळ्या वाजवत होते, मानसी अक्कांना मिठी मारून नाचत होती. मी अर्ध्या दाढीने गॅलरीत आलो, हात हलवला, आणि आत जाऊन गाल कापून घेतला.

सेल्वम याच सुमाराला आला. त्याचं मंदवेलीच्या बाजूला वेल्डिंगचं दुकान होतं. खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी फाटकं बनवायचा. पस्तिशीचा, अबोल, कामात स्वच्छ. गाडीचं काम त्याने कधी केलं नव्हतं. अक्का त्याला म्हणाल्या, "मीहि केलें नाहीं. दोघे मिळून शिकूं." गाडीचा तळ पूर्ण गंजला होता, आणि दाराखालून पुढून मागे जाणारी जी पेटीसारखी लोखंडी नळी असते, तीसुद्धा. आम्ही तिला सिल म्हणतो, अक्का उंबरा म्हणत. दोन्ही उंबरे कापून नवे घालायचे होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. साध्या गाडीला वर छप्पर असतं. ते खालच्या भागाला धरून ठेवतं. उघड्या गाडीला छप्पर नाही, तेव्हा सगळं बळ तळात आणि त्या दोन उंबऱ्यांत. ते कापायचे तर आधी दारांच्या चौकटीत आडव्या-तिरप्या सळया डकवून घ्याव्या लागतात. नाहीतर गाडी मधोमध बसते, पुस्तक उलगडल्यासारखी. माझ्या खात्यात नव्याने आलेल्या पोरालाही हे माहीत असतं.

शनिवारी सकाळी सेल्वम कटर घेऊन आला. मी दूध आणायला निघालो होतो. दारं काढून भिंतीला लावलेली, गाडी पुढे-मागे ठोकळ्यांवर चढवलेली, मध्ये काहीच आधार नाही. सळया नाहीत. अक्का हातातला नकाशा घेऊन माझ्याकडे आल्या. "तंबी, तूं कारखान्यांत हेंच करतोस ना? आज उंबरे कापतों. ठीक आहे ना सगळें?"

मी गाडीकडे पाहिलं. सेल्वम माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "सेल्वम जाणता माणूस आहे की. मग झालं तर."

आणि दूध आणायला गेलो.

तळ आणि उंबरे घालायला त्यांना दोन आठवडे लागले. या दोन आठवड्यांत मी रोज सकाळी आणि संध्याकाळी त्या शेडवरून गेलो. रोज मला बोलता आलं असतं. पहिल्या दिवशी बोललो असतो तर काहीच बिघडलं नसतं. चौथ्या दिवशी बोललो असतो तर थोडं बिघडलं असतं. मी ठरवून काही केलं नाही. फक्त रोज म्हणायचो, आज नको. खालून वेल्डिंगचा निळा उजेड यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायचो.

पंधराव्या दिवशी त्यांनी दारं बसवायला घेतली. डावं दार लागेना. वरची फट मिटलेली, खालची बोटभर उघडी. उजवंही तसंच. नवा तळ, नवे उंबरे, सगळं सुबक जोडलेलं, आणि गाडी मधोमध बसलेली. गल्लीतली माणसं जमली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला हसत म्हणाला, फाटकं बनवणाऱ्याला गाडी दिली तर दुसरं काय होणार? सेल्वमने हातमोजे काढून जमिनीवर ठेवले. सामान गोळा केलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही.

अक्का रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. स्टूल ओढलं आणि न लागणाऱ्या दाराचं चित्र काढायला बसल्या. मानसीने विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, "मोडलें तर मोडलें. कसें मोडलें तें लिहून ठेवायला पाहिजे." मला वाटलं होतं, आता मला बरं वाटेल. वाटलं नाही. ती बाई हरली होती आणि तरी तिच्याजवळ करायला काहीतरी होतं. मला त्याचाही हेवा वाटला.

आठवड्याने, रविवारी सकाळी, त्या जिना चढून आमच्याकडे आल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले. हातात ती चित्रं. "तंबी, वेळ आहे काय? कोठें चुकलें तें मला कळेना. सांगशील?"

मी टेबलावर कागद पसरला आणि समजावून सांगितलं. सळया कुठे डकवायच्या, मध्ये जॅक कुठे लावायचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी लावून मापं कशी जुळवायची. पेन्सिल माझ्या हातात भराभरा चालत होती. दोन मिनिटांत झालं. खूप दिवसांनी मला माझंच काम आवडलं. मान वर केली तर अक्का कागदाकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या.

"हें तुला आज सुचलें?"

मी पेन्सिल टेबलावर ठेवली.

"मी विचारलें, त्या शनिवारीं. तेव्हां तुला ठाऊक होतें?"

स्वयंपाकघरात मानसीच्या हातातली भांडी वाजायची थांबली. मी म्हणालो, "हो. ठाऊक होतं."

"माझ्यावर कशाचा राग रे तुझा?"

"राग नाही, अक्का." मी म्हणालो. "हेवा."

"माझा?" त्यांना खरंच समजेना. आपल्या हातांकडे पाहिलं, साडीवरच्या तेलाच्या डागाकडे पाहिलं. "माझें काय आहे हेवा करायला? गुडघे?"

त्यांनी कागद गोळा केले. माझं चित्र वर, त्यांची खाली. दाराशी जाऊन थांबल्या. "मला सांगून काय होणार? मी म्हातारी, मला गाडी उद्यां झाली काय, न झाली काय. सेल्वमला सांग. आठ दिवस तो आपल्या हातांस शिव्या देतोय. मी गेलें होतें त्याच्याकडे. फाटकाचें माप घेतांना सुद्धां भितोय." मग मानसी आणत असलेल्या कॉफीला हाताने नको म्हणून त्या खाली गेल्या. मानसी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मी दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना सेल्वमच्या दुकानी गेलो. माझं तमिळ भाजी आणि रिक्षापुरतं. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. त्याने मशीन बंद केलं, चेहऱ्यावरची काच वर केली आणि ऐकून घेतलं. चूक तुझी नव्हती, मला माहीत होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही. ही तीन वाक्यं बोलायला मला फार वेळ लागला. "मुद्दाम" हा तमिळ शब्द मला येत नव्हता. तो मी मानसीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन करून विचारला होता.

सेल्वमने हातातलं लोखंड बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "सार, त्या दिवशी तुम्ही तिथे उभे होतात. मी अक्कांना म्हटलं होतं, काळजी नको, इंजिनियर सार बघतायत, चुकत असेल तर सांगतील." एवढं बोलून त्याने काच खाली ओढली आणि पुन्हा काम सुरू केलं. मी ठिणग्यांसमोर थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो.

रविवारी तो शेडमध्ये आला. मीही खाली उतरलो, पलंगाखालची पेटी घेऊन. अक्कांनी पेटीचं प्लास्टिक पाहिलं. "ये. ही दोरी धर," म्हणाल्या. क्षमा केली असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मला वाटतं, तसं म्हणून मला मोकळं सोडायची त्यांची इच्छा नव्हती. केलेलं सगळं काम पुन्हा कापायचं होतं. सळया डकवून, मध्ये जॅक लावून, गाडी केसाकेसाने वर उचलायची, मापं घ्यायची, पुन्हा उचलायची. पावसाळ्याआधी सुरू केलं ते डिसेंबरात मार्गळी महिन्याच्या संगीत सभा सुरू झाल्या तरी चालूच होतं. माझा अंगठा भाजला, दोन नखं काळी पडली. सेल्वम माझ्याशी कामापुरतं बोलायचा. अक्का त्याचं काम पाहून "वा, सेल्वम!" म्हणायच्या, माझं काम पाहून "सरी." आणि मी, इतकं सगळं होऊनही, त्या 'वा'साठी जळायचो. हेवा कबूल केला की जातो असं काही नाही.

पण एका रविवारी दुपारी डावं दार लागलं. अक्कांनी ते ढकललंही नाही, नुसतं सोडलं, आणि ते खट् करून बसलं. सेल्वमने ते उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सार, तुम्ही बघा." मी लावून पाहिलं. चौदा वर्षांत मी बसवलेलं पहिलं दार.

पुढचं मग भराभर झालं. म्हणजे आणखी एक वर्ष. रंग कच्च्या कैरीचा, अक्कांनीच निवडला. टप शिवला मांडववाल्याच्या शिंप्याने, अक्कांच्या नकाशावरून; आधी वर्तमानपत्रांचे कागद जोडून त्याचा कागदी टप केला होता. गाडी पहिल्यांदा बाहेर काढली त्या दिवशी सगळी गल्ली दारात उभी होती. अक्कांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी किल्ली सेल्वमच्या हातात दिली आणि शेजारच्या जागेवर बसल्या. जागा दोनच. तळ्याला एक फेरी मारून आले, डॉक्टर बसले. मग मानसी. मग इस्त्रीवाला. त्यालासुद्धा! माझी पाळी पाचवी आली. गाडी फार छान चालत होती. सेल्वम एका हाताने चाक धरून म्हणाला, "सार, पाय आखडू नका, काही होत नाही."

अक्कांना जाऊन आता वर्ष होईल. झोपेतच गेल्या. गाडी त्यांनी सेल्वमच्या नावे करून ठेवली होती. मला मनातून वाटत होतं, ती माझ्याकडे येईल. तसं वाटायला काहीही कारण नव्हतं, तरी वाटत होतं. तो ती नीट ठेवतो. अधूनमधून तळ्याजवळ दिसते. अजून हेवा वाटतो.

पण त्यांची आठवण निघाली की मला गाडीआधी एक वेगळाच दिवस आठवतो. आमच्या कारखान्यात वर्षातून एकदा घरच्या माणसांना आत येऊ देतात. मानसी आधी दोनदा येऊन गेली होती. गाडी झाली त्या वर्षी मी अक्कांना विचारलं, येता का? फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मी 'मोठी बहीण' लिहिलं. पहाटे साडेपाचला त्या नवी साडी नेसून, केसात फूल घालून बसथांब्यावर माझ्याआधी उभ्या होत्या.

बाकी पाहुणे उपाहारगृह, बाग, नव्या गाड्या बघत फोटो काढत होते. अक्कांना मी सांगाडे जोडतात त्या विभागात नेलं. पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभं राहायचं, पलीकडे यंत्रांचे हात खाली वाकतात, ठिणग्या उडतात आणि पत्र्यांचा सांगाडा होऊन पुढे सरकतो. एक गेला की दुसरा. अक्का त्या रेघेवर उभ्या राहिल्या आणि तिथून हलेनात. आमचा मार्गदर्शक दोनदा बोलावून गेला. मी म्हणालो, "अक्का, पुढे अजून खूप आहे." त्या हलल्या नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे एकटक. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता.

"तूं रोज इथें येतोस?" त्यांनी विचारलं.

"रोज इथे नाही. मी वरच्या ऑफिसात असतो. पण येता येतं, केव्हाही."

"केव्हांहि," त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि पूनमल्ली मागे पडेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, दमल्या. बाटली पुढे केली, तर म्हणाल्या, "नको. आज माझ्याशीं बोलूं नकोस, तंबी. मला तुझा उदंड हेवा वाटतोय."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"तीस वर्षें मी त्यांचे नकाशे काढले," त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "एकदां सुद्धां दार उघडलें नाहीं त्यांनीं. आणि तूं इतकीं वर्षें त्या दाराच्या आंत आहेस, आणि वर खुर्चीवर बसतोस." बस सिग्नलला थांबली. त्या माझ्याकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "झोंबतें रे. पुष्कळ झोंबतें. तुझें तेव्हां कसें झालें असेल, तें आज कळलें. पण मी तुझा कारखाना मोडायला जाणार नाहीं."

मी मान खाली घातली. थोड्या वेळाने त्यांनीच माझ्या हातातली बाटली घेतली, पाणी प्यायल्या, आणि ते यंत्राचे हात कोण चालवतं, कुठून चालवतं, बिघडले तर कोण दुरुस्त करतं, असं एकेक विचारायला लागल्या. मैलापूर येईपर्यंत मी सांगत होतो.